बारावी झाली, गोव्याला चाललोय! : कायद्याच्या भानगडींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वकिली करतो, आणि दरवर्षी बारावीचा पेपर संपला की माझ्या व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. अर्धे पोरांचे (गोव्याला जायच्या आधी), अर्धे त्यांच्या आई-वडिलांचे (पोरं गोव्याला पोचल्यावर, बहुतेक रात्री दोन वाजता). म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. गोवा जास्त आहे कारण प्रश्न गोव्याचेच जास्त येतात, पण अलिबाग, लोणावळा, माथेरानवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू होतं.

१. आम्ही नऊ जण जातोय, बारावी झालीये म्हणजे आता आम्ही मोठे झालो ना कायद्याने?

नाही. कायद्याला तुमची मार्कशीट दिसत नाही, जन्मतारीख दिसते. १८ पूर्ण झाले की सज्ञान, त्याच्या एक दिवस आधीपर्यंत अज्ञान, मग बारावीला ९२ टक्के असोत नाहीतर गटांगळी. आणि बारावीच्या ग्रुपची खरी गोची इथेच आहे, की ही रेघ बरोब्बर ग्रुपच्या मधून जाते, पाच जणांचे १८ झालेले असतात आणि चौघांचे व्हायचे असतात. पोरांना वाटतं सगळ्यांना सारखाच नियम, पण एकाच टेबलावर बसून एकच गोष्ट केली तरी सतरावाल्याची केस बाल न्याय मंडळात जाते आणि अठरावाल्याची सरळ कोर्टात. वर सतरावाल्याने जे केलं त्यातलं काही अठरावाल्याच्याच गळ्यात पडू शकतं (प्रश्न ४ आणि ११ बघा). निघायच्या आधी कोणाचा वाढदिवस कधी आहे त्याची यादी करा, केकसाठी नाही, यासाठी.

२. दारू प्यायचं वय नक्की किती? कोणी १८ म्हणतं, कोणी २१, कोणी २५.

तिघंही बरोबर आहेत, राज्य वेगळं आहे. गोव्यात १८. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला २१, हार्ड लिकरला २५, आणि त्यातही महाराष्ट्रात कायद्याने प्यायला परवाना लागतो, जो बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेला नसतो. गुजरातमध्ये दारूबंदीच आहे, तिकडे फिरायला जाणारे असाल तर विषयच काढू नका.

म्हणजे १८ वर्षांचा मुलगा पणजीत बिअर प्यायला तर गुन्हा नाही, तीच बिअर त्याने सावंतवाडीत प्यायली तर आहे. आणि गोव्यातले काही क्लब स्वतःच्या नियमाने २१ च्या खाली आत घेत नाहीत, तो त्यांचा हक्क, दारात बाउन्सरशी हुज्जत घालून काही मिळत नाही. कसिनोत तर २१ च्या खाली प्रवेशच नाही, तिथे १८ चं आधार दाखवून काय उपयोग नाही.

३. मग आधार कार्डची पीडीएफ एडिट करून वय वाढवलं तर? सगळेच करतात.

सगळेच करतात हे कोर्टात सांगून बघा! हा प्रश्न इतक्या सहज येतो की मला धडकीच भरते. कमी वयात बिअर प्यायला बसलात तर ती एक किरकोळ भानगड असते, पण बदललेलं आधार दाखवलंत की तो बनावट दस्तऐवज, त्याचा वापर आणि फसवणूक असा भारतीय न्याय संहितेतला (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) मामला होतो. फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ३०० रुपयांच्या बिअरसाठी. मित्राचं खरं आधार आपलं म्हणून दाखवणं हेही त्यातलंच, दुसऱ्याच्या नावाने वावरून फसवणूक, फक्त आता मित्रालाही उत्तर द्यावं लागेल की त्याने ते का दिलं.

४. मी १८ चा आहे, माझा बेस्ट फ्रेंड सतराचा. मी विकत घेतली आणि त्याला दिली, यात काय एवढं?

एवढंच की बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ आहे. १८ च्या आतल्या कोणालाही दारू, तंबाखू किंवा ड्रग्ज देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. कलमात 'दुकानदार' असं लिहिलेलं नाही, 'जो कोणी देईल' असं आहे, म्हणजे बारवाला आला, वेटर आला आणि तुम्हीही आलात. सिगरेटही त्यातच, तंबाखूजन्य पदार्थ आहे ती.

प्रॅक्टिकली पोलीस प्रत्येक पार्टीत हे कलम लावत बसतात का, तर नाही. पण काही झालं, कोणी पडलं, बुडालं, गाडी ठोकली, की मग पहिला प्रश्न हाच विचारला जातो की याला पाजली कोणी, आणि जीपेची हिस्टरी कोणाच्या नावाची आहे ते दोन मिनिटांत कळतं.

५. पुण्याच्या पोर्शे केसमध्ये नक्की काय झालं होतं? मुलगा तर सुटला ना?

हा प्रश्न पालक 'बघा, काही होत नाही' अशा सुरात विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, बारावी पास झाल्याची पार्टी करून निघालेला, गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनियरांना उडवलं, दोघंही गेले. काही तासांत जामीन मिळाला आणि त्यात ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट होती, त्यावर देशभर संताप झाला. लोकांच्या डोक्यात तेवढा निबंधच राहिलाय.

पण पुढचं बघा. मुलगा नंतर निरीक्षणगृहात गेला, महिनाभराने हायकोर्टाने सोडलं. वडिलांना अटक. आजोबांना अटक, ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घे म्हणून दबाव आणल्याच्या आरोपात. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपात आईला आणि डॉक्टरांना अटक. ज्यांनी मुलाला दारू दिली त्या बारच्या लोकांनाही अटक. पोलिसांनी त्याला सज्ञान समजून खटला चालवा अशी मागणी केली होती, ती बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. म्हणजे मुलापेक्षा त्याच्या आजूबाजूचे सज्ञान लोकच कायद्याच्या जास्त तावडीत सापडले. आणि तुमच्या ग्रुपमधला १८ पूर्ण झालेला मित्र हाही सज्ञानच असतो.

६. बीचवर बसून दोन बिअर प्यायल्या तर चालतं ना? गोवाच आहे.

नाही चालत, आणि यात दरवर्षी सगळ्यात जास्त पोरं अडकतात कारण चित्र डोक्यात तसंच असतं, पाय पाण्यात आणि हातात बाटली. शॅकच्या टेबलावर बसून पिणं वेगळं, तिथे लायसन्स असतं. वाळूवर उघड्यावर पिणं, तिथे स्वयंपाक करणं, काचेच्या बाटल्या फोडणं, यावर गोव्याने २०१९ मध्येच पर्यटनस्थळांच्या कायद्यात दंड आणला होता, एकट्याला २ हजार आणि ग्रुपला १० हजार. २०२५ मध्ये विधानसभेने तो वाढवून किमान ५ हजार ते १ लाखापर्यंत नेला. म्हणजे ट्रिपचं आख्खं बजेट.

दारू पिऊन रस्त्यावर गोंधळ घातला तर न्याय संहितेचं कलम ३५५ वेगळं आहे, २४ तासांपर्यंत कैद किंवा १ हजारापर्यंत दंड किंवा समाजसेवा. छोटं वाटतं, पण केस ती केसच (प्रश्न १६).

७. स्कूटर भाड्याने घेताना काय बघायचं? सगळे बिनधास्त देतात.

देणारा बिनधास्त असतो कारण पकडला जाणार तुम्ही. नंबर प्लेट बघा. काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असेल तर ती भाड्याने द्यायची कायदेशीर गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे कोणाची तरी घरची गाडी आहे, ती भाड्याने देणं-घेणं हा परवान्याचा भंग, मोटार वाहन कायद्याच्या १९२ए खाली १० हजार दंड, आणि ते कलम फक्त मालकाला नाही तर चालवणाऱ्यालाही पकडतं. यापेक्षा वाईट म्हणजे इन्शुरन्स. अपघात झाला की कंपनी पहिलं हेच म्हणते की खासगी गाडी धंद्याला वापरत होते, आमचा संबंध नाही, आणि समोरच्याच्या हॉस्पिटलचं बिल तुमच्या घरी येतं. २०० रुपये वाचवायला पांढऱ्या पाटीची गाडी घेणं हा मला माहीत असलेला सगळ्यात महागडा डिस्काउंट.

बाकीचं पटापट: लायसन्स डिजिलॉकरमधलं चालतं, गॅलरीतला फोटो चालत नाही. हेल्मेट नसेल तर १ हजार. ट्रिपल सीट १ हजार आणि वर लायसन्स तीन महिने बंद. विनालायसन्स ५ हजार. बीचवर वाळूत जीप घालून रील काढायची आयडिया असेल तर ती गिळून टाका, त्यात गुन्हेही दाखल होतात आणि गाडीही जप्त होते.

८. लर्निंग लायसन्सवर गाडी चालवता येते का? आणि सतराव्या वर्षी?

लर्निंगवर चालवायची तर सोबत पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा आणि गाडीवर 'एल' हवा. मागे बसलेली मैत्रीण हा शिकवणारा होत नाही. १८ च्या आत फक्त बिनगिअरची ५० सीसीपर्यंतची गाडी चालते, तीही १६ नंतर आणि पालकांच्या संमतीने. अॅक्टिव्हा ५० सीसीची नाही! दर वेळी हे सांगावं लागतं.

सतरावाल्याने चालवली आणि काही झालं तर कलम १९९ए. त्यात पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मला माहीतच नव्हतं हे पालकांना सिद्ध करावं लागतं. बाबांनी स्वतः पुण्यापासून कार देऊन पाठवलं असेल तर ते काय सिद्ध करणार?

९. एक बिअर पिऊन चालवलं तर मशीनमध्ये येतं का?

मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. एक बिअर कोणाला त्याच्या आत ठेवते, कोणाला बाहेर काढते, ते वजनावर, पोटात काय आहे त्यावर, किती वेळ गेला त्यावर असतं, आणि हे गणित रात्री एक वाजता बागा रोडवर कोणाला जमत नाही. पहिल्यांदा सापडलात तर १० हजारांपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा १५ हजार आणि २ वर्षांपर्यंत. ज्याचा मामला त्याच्याच अंगावर, पण मागे बसलेल्यानेच त्याला पाजली असेल आणि तो सतराचा असेल तर परत प्रश्न ४ वर या.

१०. येताना दोन बाटल्या आणल्या, बिल आहे. महाराष्ट्राच्या हद्दीवर बांद्याला पकडतात का?

पकडतात. गोव्याच्या बाटलीवर ती फक्त गोव्यात विक्रीसाठी आहे असं छापलेलं असतं, महाराष्ट्राचा कर त्यावर भरलेला नसतो, म्हणून बिल असलं तरी हद्द ओलांडली की ती महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली बेकायदा होते. इन्सुलीला उत्पादन शुल्कचा चेकनाका आहे, आणि मे महिन्यात, ३१ डिसेंबरला तिथे नजर कडक असते. बाटली जातेच, पण खरी डोकेदुखी म्हणजे गाडीही जप्त होऊ शकते, आणि ती सोडवायला बाबांना कोकणात कोर्टाच्या फेऱ्या.

आणि विमानात चेक-इन बॅगेत पाच लिटरपर्यंत चालते हे जे सगळे सांगतात, ते विमान सुरक्षेचं आहे. विमान पुण्यात उतरलं की महाराष्ट्राचा कायदा चालू. तसंच ट्रेनचंही, उलट ट्रेनमध्ये दारू पिऊन दंगा केला तर रेल्वे कायद्याचं कलम १४५ आहे, गाडीतून उतरवणं, कैद, दंड, सगळं. चेन ओढून मित्राला चढवणं हेही १ वर्षापर्यंत जाऊ शकतं, गंमत नाही.

११. आम्ही दोघं रिलेशनमध्ये आहोत, मी १८, ती १७ वर्षं १० महिने. रूम घेतली तर?

हा प्रश्न मुलं सगळ्यात शेवटी, आवाज खाली करून विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) १८ च्या आत मूल, आणि मुलाची संमती कायद्याला दिसत नाही. तिची इच्छा होती, तिनेच तिकीट काढलं, दोन महिन्यांनी १८ होणार होती, यातलं काहीही बचाव म्हणून चालत नाही. लैंगिक संबंध झाले असतील तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान १० वर्षं. तिचं वय १६ च्या आत असेल तर किमान २०. मुलगा सतराचा आणि मुलगी अठराची असली तरी पॉक्सो लागू होतो, तो मुलामुलीत फरक करत नाही.

दुसरी गोष्ट जी कोणाला माहीत नसते, ती अपहरणाची. अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय नेलं की न्याय संहितेचं कलम १३७, ७ वर्षांपर्यंत. पूर्वी मुलग्यांसाठी ही मर्यादा १६ होती, १ जुलै २०२४ पासून मुलगा असो मुलगी असो, १८. मुलगी घरी 'मैत्रिणीकडे जाते' सांगून निघाली, फोन बंद झाला, आई पोलीस स्टेशनला गेली, तर अज्ञान मुलगी हरवली म्हणून पोलीस अपहरणाचाच गुन्हा नोंदवतात. मग लोकेशन काढून गोव्यात पोचतात आणि तुम्ही नाश्ता करत असता. म्हणून माझं एकच म्हणणं, ग्रुपमधल्या प्रत्येक सतरावाल्याच्या घरी खरं ठिकाण माहीत असू दे.

१२. आणि दोघांचे १८ झालेत पण लग्न झालेलं नाही, तर हॉटेलवर पोलीस येऊन पकडू शकतात का?

दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही, तसं कुठलंही कलम नाही. मद्रास हायकोर्टाने २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात हे सरळ म्हटलंय. पण हॉटेल स्वतःच्या पॉलिसीने नाही म्हणू शकतं, लोकल आयडी चालणार नाही म्हणू शकतं, त्यावर तुमची दादागिरी चालत नाही, म्हणून बुक करताना आधी विचारून घ्या. आयडी दोघांचे द्यावे लागतात. मास्क्ड आधार (फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं) द्या, पूर्ण नंबर कशाला वाटत फिरता.

पोलिसांनी दार वाजवून लग्नाचं सर्टिफिकेट मागितलं तर शांतपणे वय दाखवा, नाव विचारा, आवाज चढवू नका. 'घरी फोन करू का' ही धमकी असते, गुन्हा नसतो.

१३. रूममध्ये कोणीतरी एकाने गांजा आणला होता, बाकीच्यांना माहीतही नव्हतं. सगळे अडकतात का?

अडकू शकतात, आणि सुटायला वेळ लागतो. एनडीपीएस कायद्यात (अमली पदार्थांचा कायदा) ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, पण जाणीव होती असं कोर्ट आधी गृहीत धरतं आणि नव्हती हे तुम्ही दाखवायचं असतं, बाकी कायद्याच्या बरोब्बर उलट. सॅक कोणाची, रूम कोणाच्या नावावर, चॅटमध्ये काय लिहिलंय, यावर ठरतं. रूम ज्याच्या नावावर त्याला माहीत असून त्याने चालू दिलं तर कलम २५ मध्ये त्याची जागा वेगळी पकडली जाते. पैसे काँट्रीमध्ये (सगळ्यांनी मिळून) जीपे केले असतील तर कट-मदत म्हणून कलम २९. 'मी तर ओढलाच नाही, फक्त १५० रुपये दिले' हे वाक्य मी ऐकलंय, ते बचाव नाही, ती कबुली आहे!

प्रमाणावर शिक्षा ठरते. गांजा १ किलोपर्यंत 'अल्प', म्हणजे १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गोव्यातल्या पार्ट्यांत प्रश्न गांजाचा नसतो. एमडीएमएचं अल्प प्रमाण फक्त अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅमला व्यावसायिक, एलएसडीचं अल्प प्रमाण २ मिलिग्रॅम आणि व्यावसायिक ०.१ ग्रॅम. व्यावसायिक म्हणजे किमान १० वर्षं आणि जामीन जवळपास विसरा. गांजाच्या हिशोबाने 'एवढंसंच तर आहे' म्हणून चालत नाही.

अंगझडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क आहे, कलम ५०. मुलीची झडती महिलेनेच घ्यायची. हे विसरू नका, पुढे वकिलाला फार उपयोगी पडतं.

१४. वेप तर ड्रग नाही ना?

ड्रग नाही, पण २०१९ पासून ई-सिगरेटवर देशभर बंदी आहे, विक्री, आयात, साठवण सगळं. साधी सिगरेट सार्वजनिक ठिकाणी ओढली तर २०० रुपये.

१५. पोलिसांनी पकडलं तर काय करायचं? १७ वाला आणि १८ वाला दोघांचं सांगा.

अठरावाल्याचं आधी. का पकडलं ते सांगायला लागतं. घरच्यांना कळवायला लागतं. वकिलाला भेटता येतं. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत सरळ अटक न करता नोटीस देऊन सोडता येतं. मुलीला सूर्यास्तानंतर सूर्योदयाच्या आत अटक करायची नाही, अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी हवी. वाचल्याशिवाय सही नाही. मराठी लिहिलेलं नसेल तर समजावून घेतल्याशिवाय सही नाही.

सतरावाला: त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, कधीच, कुठल्याच गुन्ह्यात. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे जायचं, २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर. म्हणून पहिलं वाक्य हेच, 'मी १८ चा नाही, माझी जन्मतारीख अमुक.' कित्येक पोरं लाजेने किंवा खोटं आयडी उघडं पडेल म्हणून वय लपवतात आणि मोठ्यांच्या कोठडीत बसतात. यापेक्षा मूर्खपणा नाही. फक्त खून, बलात्कार असे किमान ७ वर्षं शिक्षेचे गंभीर गुन्हे असतील आणि वय १६ च्या वर असेल तर सज्ञानासारखा खटला होऊ शकतो, मंडळ आधी तपासणी करतं.

नंबर सेव्ह करा: ११२, लहान मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदतीला १५१००. मोफत वकील मुलांना, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मिळतो. आणि कोणी 'जागेवरच मिटवू' म्हणून स्वतःचा क्यूआर पुढे केला तर पावती मागा, पावती नसेल तर तो दंड नव्हेच.

१६. एकदा दंड भरला की पासपोर्टला, अॅडमिशनला, सरकारी नोकरीला अडतं का?

ट्रॅफिकचं चलन भरलं तर नाही, ते गुन्हेगारी रेकॉर्ड धरत नाहीत. एफआयआर झाली आणि कोर्टात केस चालू असेल तर पासपोर्ट अडू शकतो, कोर्टाची परवानगी लागते. सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याचा प्रश्न असतो, तिथे लपवणं हे गुन्ह्यापेक्षा महागात पडतं. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलंय की तरुणपणातल्या किरकोळ प्रकरणाकडे मालकाने तारतम्याने बघावं, पण माहिती खरी द्या. १८ च्या आत झालेल्या गुन्ह्याचा डाग मात्र सहसा राहत नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम २४ ने अपात्रता पुसली जाते, सज्ञानासारखा खटला चाललेला असेल तर वेगळं.

१७. मैत्रिणीचा झोपेतला फोटो ग्रुपवर टाकला, नंतर डिलीट केला. गुन्हा आहे का?

कसा फोटो त्यावर आहे. नुसता तोंड उघडं ठेवून झोपलेला असेल तर मैत्री तुटेल, केस नाही. पण कपडे बदलताना, अंतर्वस्त्रांत, आंघोळीत, अशा खासगी क्षणाचा असेल तर काढणंच गुन्हा आहे, पाठवणं त्याच्या वर, पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षं. ती सतराची असेल आणि फोटो लैंगिक स्वरूपाचा असेल तर तो नुसता मोबाईलमध्ये ठेवणंही गुन्हा, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं. डिलीटने पुरावा जात नाही, फक्त तुमचा संशय वाढतो. फोटो तुमचा असेल आणि कोणी धमकावत असेल तर गोव्यात असा नाहीतर नांदेडला, कुठल्याही पोलीस स्टेशनला झीरो एफआयआर करता येते.

१८. मित्र दारू पिऊन बेशुद्ध पडला. अॅम्ब्युलन्स बोलावली तर पोलीस येतील ना?

येऊ देत. १०८ करा, गोव्यात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. पोरं 'झोपेल आणि उतरेल' म्हणून वाट बघतात, याच एका वाट बघण्यात गोष्ट दारूच्या केसवरून मृत्यूच्या केसवर जाते. रस्त्यावर अपघात बघून अनोळखी जखमीला मदत केली तर मोटार वाहन कायद्याचं १३४ए तुमचं संरक्षण करतं, नाव सांगायची सक्तीही नाही. अपघात तुमच्याच हातून झाला असेल तर मात्र थांबणं, मदत करणं, पोलिसांना कळवणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे, पळालात की सगळं दुप्पट वाईट दिसतं.

१९. गोवा कॅन्सल, आता पावसात लोणावळ्याला जाणार. तिथे काही नाही ना?

३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हापासून पावसाळ्यात धबधबे, धरणं, कडे यांच्यावर जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात. आदेश मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३, जीव धोक्यात येण्यासारखं असेल तर १ वर्षापर्यंत. निघायच्या आदल्या दिवशी त्या वर्षाचा आदेश बघा, मागच्या वर्षीच्या रीलवरून जाऊ नका. आणि लोणावळा महाराष्ट्रात आहे, दारूला परत प्रश्न २.

२०. माझा अठरावा वाढदिवस ट्रिपमध्येच आहे. रात्री १२ वाजता केक कापला की लगेच बिअर चालेल का, की जन्मवेळ बघतात?

पत्रिका कोर्टात चालत नाही. सज्ञानता कायदा १८७५ प्रमाणे जन्माचा दिवस पूर्ण धरतात आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू झाला की तुम्ही सज्ञान, जन्म संध्याकाळी सहाचा असला तरी. म्हणजे गोव्यात १२ वाजून १ मिनिटाने बिअर कायदेशीर. पावणेबाराला ज्या मित्राने उत्साहात ग्लास दिला तो मात्र प्रश्न ४ मध्ये. आणि केक कापल्या कापल्या स्कूटरची चावी मागू नका. अॅक्टिव्हाचं लर्निंग काढायलाच १८ पूर्ण लागतात, आणि लर्निंग मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या टेस्टला किमान ३० दिवस थांबावं लागतं, तोपर्यंत मागच्या सीटवर.